राहायला कोणते शहर बरे? चार्ल्स्टन आणि सॅव्हाना

अमेरिकेच्या दक्षिण भागात, अटलांटिकच्या किनाऱ्यावर चार्ल्स्टन आणि सॅव्हाना अशी दोन बंदरे आहेत. पहिले साउथ कॅरोलायना राज्यात, दुसरे जॉर्जियात. दोहोंमध्ये अंतर शंभरेक मैलांचे. २०२० च्या जनगणनेत चार्ल्स्टनची वस्ती १,५०,२२७ भरली, सॅव्हानाची १,४७,७८०. म्हणजे आपल्या मालेगावच्या एक तृतीयांशालाही ती पुरी पडत नाहीत. पण त्या देशात ही मध्यम आकाराची, नाव असलेली शहरे समजली जातात. दोन्हीकडे जुने वाडे, शेवाळाच्या जटा लोंबणारे ओकवृक्ष, दमट हवा, पर्यटकांची झुंबड. त्यामुळे राहायला चार्ल्स्टन बरे की सॅव्हाना, हा तिथल्या मंडळींचा आवडता वाद आहे. घरभाडे, नोकऱ्या, शाळा, रहदारी अशी मापे लावून तो घातला जातो.

हा वाद आपल्याला काय करायचा, असे वाचक विचारतील. त्याला उत्तर आहे. या बंदरांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली जी माणसे उतरवली गेली, त्यांत नमाज पढणारी, मदरशात शिकलेली माणसेही होती. त्यांनी अरबीत लिहिलेले कागद आज अमेरिकेच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. अमेरिकेतील गुलामगिरी हा आमच्या पाठ्यपुस्तकात चार ओळींचा विषय. त्या चार ओळींच्या मागे काय आहे ते शोधू लागले तेव्हा ही दोन शहरे भेटली, आणि 'राहायला कोणते बरे' या प्रश्नाच्या पोटात 'कोणाला?' असा दुसरा प्रश्न आहे हे दिसू लागले.

चार्ल्स्टन वयाने मोठे. १६७० मध्ये वसले, १६८० मध्ये ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या जमिनीच्या जिभेवर हलले. भाताच्या शेतीवर ते श्रीमंत झाले आणि तो भात पिकवला पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. सॅव्हानाचा जन्म वेगळ्या हेतूने झाला. १७३३ च्या फेब्रुवारीत जेम्स ऑगलथॉर्प हा इंग्रज अधिकारी नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला. तिथल्या यामाक्रॉ जमातीचा प्रमुख टोमोचीची याच्या संमतीने त्याने गाव आखले. आखणी नीट पाहण्यासारखी आहे. मध्ये मोकळा चौक, चौकाभोवती दहा-दहा घरांचे चार गट म्हणजे चाळीस घरे, आणि चौकाच्या दोन बाजूंना सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे भूखंड. असा एक मोहल्ला. गाव वाढले की तसाच दुसरा मोहल्ला जोडायचा. घरांचे भूखंड सगळ्यांचे सारखे. वसाहतीच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये गुलाम बाळगण्यावर बंदी घातली. एका माणसाकडे ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन नको, असाही नियम होता. इंग्लंडच्या गरिबांना कष्ट करून जगता यावे, अशी कल्पना. कॅथलिकांना मात्र तिथे जागा नव्हती. तेव्हा फार हुरळून जाण्याचे कारण नाही.

दोन शहरांची तुलना तेव्हाच सुरू झाली. सॅव्हानातले काही वसाहतकार चार्ल्स्टनकडे बोट दाखवू लागले: ते बघा, गुलामांच्या जिवावर कसे वाडे उठले, आणि आम्ही या उन्हात स्वतः कुदळ मारायची? त्यांनी अर्जविनंत्या केल्या, चिडून काही जण चार्ल्स्टनलाच राहायला गेले आणि तिथून १७४१ मध्ये विश्वस्तांविरुद्ध पुस्तक छापून आणले. उलट, डॅरियन गावच्या स्कॉटिश लोकांनी १७३९ मध्ये गुलामगिरी नको म्हणून अर्ज केला होता. तो मागे पडला. १७५१ पासून जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर झाली. शेजारच्या शहराचे राहणीमान पाहून आपल्या शहराचा पायाच बदलला गेला, असे हे उदाहरण आहे. पुढे १७९३ मध्ये सॅव्हानाजवळच्याच एका मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले, कापसाचे राज्य सुरू झाले आणि दोन्ही बंदरे एका माळेचे मणी झाली. १८५९ च्या मार्चमध्ये सॅव्हानाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसे लिलावात विकली गेली. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या स्मृतीत त्या दिवसांचे नाव 'रडण्याची वेळ' असे आहे.

आता त्या अरबी कागदांकडे येते. ओमर इब्न सईद हा आजच्या सेनेगलमधल्या फूता तोरो भागातला आलिम. पंचवीस वर्षे तालीम घेतल्याचे तो सांगतो. १८०७ मध्ये त्याला चार्ल्स्टनला आणून विकले गेले. पुढच्याच वर्षी गुलामांची आयात कायद्याने बंद होणार होती, म्हणून व्यापाऱ्यांची घाई चाललेली. क्रूर मालकाकडून तो पळाला, नॉर्थ कॅरोलायनातील फेयटव्हिल इथे पकडला गेला, आणि कैदखान्याच्या भिंतींवर त्याने अरबी अक्षरे लिहिली. लोक पाहायला जमले. १८३१ मध्ये त्याने अरबीत आपली छोटी आत्मकथा लिहिली. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, तो मनाने काय होता यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण आत्मकथेची सुरुवात सूरह मुल्कने होते. सारी सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्या नावाची सूरह, आणि लिहिणारा दुसऱ्याची मालमत्ता! मालकांना ती वाचता येत नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले. २०२२ मध्ये त्याच्या जीवनावरची 'ओमर' ही संगीतिका चार्ल्स्टनमध्येच प्रथम सादर झाली आणि २०२३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सॅव्हानाच्या बाजूला बिलाली मुहम्मद. सॅव्हानाच्या दक्षिणेला सापेलो नावाचे बेट आहे. तिथल्या मळ्यावर तो गुलामांचा मुकादम होता. मूळ गाव फूता जालोनमधले तिंबो. त्याने मागे ठेवलेले तेरा पानांचे अरबी हस्तलिखित बरीच वर्षे त्याची रोजनिशी समजले जात होते. जाणकारांनी वाचले तेव्हा कळले की तो मालिकी फिकहचा मजकूर आहे: वुजू, नमाज, अजान. त्यातला बराच भाग दहाव्या शतकातील इब्न अबी जैद अल्-कैरवानी यांच्या 'रिसाला'वरून आठवणीने उतरवलेला. गुलामाच्या झोपडीत बसून एक माणूस मदरशातला धडा आठवून आठवून लिहितो आहे, मध्येच चुकतो आहे. मुअल्लिम म्हणून मला त्या चुका फार बोलक्या वाटतात. १९३० च्या दशकात सॅव्हानातील एका सरकारी लेखन प्रकल्पाने बेटांवरच्या वृद्धांच्या आठवणी टिपल्या. बिलालीच्या वंशजांनी तसबीह, नमाजाच्या वेळा आणि तांदळाच्या गोड लाडवांची आठवण सांगितली. ते लाडू वाटण्याला त्या 'सराका' म्हणत. हा शब्द म्हणजे आपला सदका, हे कोणालाही ओळखता येईल.

या माणसांना लिहिता येत होते आणि कायद्याला नेमके तेच नको होते. १७३९ च्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० मध्ये गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा ठरवला; १८३४ मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. जॉर्जियाने १८२९ मध्ये दोन्ही बंद केले. १८२२ मध्ये चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त सुताराने उठावाचा कट केल्याचा आरोप ठेवून पस्तीस जणांना फाशी दिले गेले, आणि ज्या चर्चमध्ये ते जमत ते पाडले गेले. तरी चोरून शाळा चालत. सॅव्हानात सूझी किंग टेलर नावाची मुलगी रोज सकाळी पुस्तके कागदात गुंडाळून एका मुक्त कृष्णवर्णीय बाईच्या घरी शिकायला जाई. एकेक मूल वेगवेगळ्या वेळी आत शिरायचे, म्हणजे कोणाला संशय नको. हिचा जन्म १८४८ चा. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याची शाळा सुरू झाली. तिथे शेण-दगड पडत, इथे फटके पडले असते. १८६२ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आत, सूझी उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला गेली आणि सेंट सायमन्स बेटावर मुक्त झालेल्यांना शिकवू लागली.

तोवर यादवी युद्ध पेटले होते. पहिल्या तोफा १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टनच्याच बंदरात डागल्या गेल्या. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, एप्रिल १८६२ मध्ये सॅव्हानाच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा जो सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये कोसळला, त्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या त्या पैशाचा उगम कुठे होता, हे फारसे कोणी सांगत नाही. जोतीराव फुले यांनी मात्र धागा बरोबर पकडला. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

डिसेंबर १८६४ मध्ये जनरल शर्मनने सॅव्हाना न जाळता ताब्यात घेतले. यानंतर जे घडले ते या लेखाचा गाभा आहे. १२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी शहरातल्या एका वाड्यात वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. वय सदुसष्ट, १८५७ पर्यंत गुलाम. हजार डॉलरचे सोने-चांदी मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला विकत घेतले होते. गुलामी म्हणजे काय, असे त्यांना विचारले गेले. ते म्हणाले, दुसऱ्याचे श्रम त्याच्या मर्जीविना जबरदस्तीने घेणे. आपला चरितार्थ कसा चालवाल? जमीन द्या, आम्ही कसू. मग विचारले गेले: तुम्हाला कुठे राहायला आवडेल, गोऱ्यांमध्ये विखरून की आपापल्या वेगळ्या वस्तीत?

राहायला कोणती जागा बरी, हा प्रश्न त्या प्रदेशात कृष्णवर्णीयांना सरकारने त्याआधी कधी विचारला होता? फ्रेझर यांनी उत्तर दिले की आम्ही वेगळेच राहू, कारण दक्षिणेत आमच्याविषयीचा आकस जायला बरीच वर्षे लागतील. सर्वांचे मत घेतले गेले. जेम्स लिंच हा तरुण उपदेशक तेवढा म्हणाला की एकत्र राहावे. तो स्वतंत्र जन्मलेला, उत्तरेकडून आलेला. मोहल्ला वेगळा असावा की मिसळून, हा वाद त्या खोलीत एकोणीस विरुद्ध एक असा सुटला. आपल्यापैकी ज्यांनी नावापायी भाड्याचे घर नाकारले गेल्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना त्या एकोणीस जणांचे म्हणणे उलगडून सांगावे लागणार नाही. मला मात्र लिंचही खोटा वाटत नाही. आणखी एक गोष्ट: शर्मनविषयी त्यांचे मत विचारायचे होते तेव्हा खुद्द शर्मनला खोलीबाहेर जायला सांगितले गेले. विजयी सेनापतीला!

चार दिवसांनी हुकूम निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेची बेटे आणि किनाऱ्यापासून तीस मैलांपर्यंतची, मालक पळून गेलेली भातखाचरे मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवली. कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन. म्हणजे आपल्या दोन शहरांमधला सारा पट्टा त्यात आला. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे वसली. पेरणी झाली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षाच्या शरदात तो हुकूम फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या.

काहींनी पुढे पै-पैसा जोडून जमिनी विकत घेतल्या. त्यांचे दुखणे वेगळे. मृत्युपत्र न करता म्हातारा गेला की जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहते. सातबाऱ्यावर पंचवीस नावे चढलेली आपण पाहतो, तसेच. वाटणी झालेली नसते, आणि दूर शहरातल्या एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन बिल्डर कोर्टामार्फत सगळ्या जमिनीचा लिलाव मागू शकत असे. असे करत कितीतरी किनारा गोल्फच्या मैदानांखाली गेला. ही पळवाट आवळणारा कायदा जॉर्जियाने २०१२ मध्ये केला, साउथ कॅरोलायनाने २०१६ मध्ये. दुसऱ्या कायद्याला क्लेमेंटा पिंक्नी यांचे नाव आहे. ते चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर. १७ जून २०१५ च्या रात्री एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने बायबल-वाचनाला बसलेल्या ज्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत ते होते. हे चर्च म्हणजे व्हेसीच्या काळी पाडलेल्या त्या चर्चचाच वारसा.

शाळांचे काय झाले? युद्ध संपताच चार्ल्स्टनमध्ये एव्हरी आणि सॅव्हानात बीच या संस्था निघाल्या, आणि दोन्हींनी शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. पण एव्हरीत शिकलेल्या सेप्टिमा क्लार्क यांना १९१६ मध्ये आपल्याच शहरात नोकरी मिळेना. कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळांतही गोरेच शिक्षक नेमायचे, असा चार्ल्स्टनचा रिवाज होता. त्या जॉन्स बेटावर गेल्या. शंभरावर मुले, दोन शिक्षिका, पगार महिना पस्तीस डॉलर. जवळच्याच गोऱ्या शाळेत तीन मुले आणि बाईंना पंच्याऐंशी, असे त्या सांगत. १९१९ मध्ये त्यांनी घरोघर सह्या गोळा केल्या आणि १९२० मध्ये तो रिवाज मोडला. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासद असू नये. क्लार्क यांनी सभासदत्व सोडले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेले. पुढच्याच वर्षी जॉन्स बेटावर, पुढे दुकान मांडलेल्या एका इमारतीच्या मागच्या खोलीत, त्यांनी प्रौढांचे वर्ग सुरू केले, कारण मतदार व्हायला वाचनाची परीक्षा द्यावी लागे. ते वर्ग सगळ्या दक्षिणेत पसरले. १९७६ मध्ये पेन्शन परत मिळाले. चार्ल्स्टनने त्यांचे नाव एका मोठ्या रस्त्याला दिले आहे. हाच रस्ता १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या चिरून काढला गेला होता. भरती आणि पाऊस एका वेळी आले की तो पाण्याखाली जातो, कारण खाड्या बुजवून केलेल्या जमिनीवर तो आहे. मुंबईकरांना याहून जास्त सांगायला नको.

सॅव्हानानेही तेच केले. महामार्गाचा उतार थेट वेस्ट ब्रॉड स्ट्रीटवर आणला आणि १९६३ मध्ये तिथले रेल्वे स्टेशन पाडले. कृष्णवर्णीयांच्या दुकानांची ती पेठ उठली. पण त्याच काळात तिथे वेस्ली वॉलेस लॉ नावाचा एक पोस्टमन होता. त्याच्या नेतृत्वाखाली १९६० च्या मार्चपासून दुकानांवर दीड वर्ष बहिष्कार चालला, आणि ऑक्टोबर १९६३ पर्यंत हॉटेले, नाट्यगृहे सर्वांना खुली झाली. देशाचा नागरी हक्कांचा कायदा आला १९६४ मध्ये. चार्ल्स्टनमध्ये मात्र १९६९ सालीही इस्पितळातल्या कृष्णवर्णीय आया-परिचारिकांना माणसासारखी वागणूक मागण्यासाठी शंभरावर दिवस संप करावा लागला.

जुनी घरे वाचवण्यात दोन्ही शहरे पुढे. चार्ल्स्टनने १९३१ मध्ये देशातला पहिला वारसा-विभाग कायदा केला. सॅव्हानाला जाग आली ती १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तिथे गाड्यांचा तळ बांधला तेव्हा. दुसऱ्या वर्षी सात बायकांनी संस्था काढून पुढचा वाडा वाचवला. चोवीस चौकांपैकी बावीस आज शिल्लक आहेत. पण घर वाचले की भाडे वाढते आणि भाडेकरू जातो. १९७० च्या दशकात सॅव्हानातल्या एका संस्थेने जुनी घरे दुरुस्त करून त्यातल्याच गरीब भाडेकरूंना ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. चार्ल्स्टनने १९८० च्या दशकात गरिबांची घरे शहरभर विखरून, आजूबाजूच्या घरांना शोभतील अशी बांधली. दोन्ही प्रयत्न चांगले, दोन्ही अपुरे. १९८० च्या सुमारास चार्ल्स्टनची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. २०२० मध्ये ती पाचव्या हिश्शाहूनही कमी झाली. मधल्या काळात शहराची हद्द वाढली हे खरे, पण जुन्या भागातून माणसे गेली हेही खरेच. सॅव्हानात आजही सुमारे निम्मी आहे.

तेव्हा निवाडा? चार्ल्स्टनची मिळकत जास्त, सॅव्हानात दारिद्र्य अधिक. चार्ल्स्टनने आपला गुन्हा उघडा मांडला: २०२३ मध्ये गॅड्सडेनच्या धक्क्यावर, जिथे गुलामांची जहाजे लागत, तिथेच आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उभे राहिले. याबाबत सॅव्हाना मागे आहे. पण शिक्षकाच्या पगारात आणि आपल्या माणसांत राहायचे असेल तर मी सॅव्हाना निवडीन. चालत जाता येईल असे चौक आहेत, कड्यावर असल्यामुळे जुन्या गावात समुद्राचे पाणीही एकदम शिरत नाही. गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता कॅलहून याचा पुतळा चार्ल्स्टनने जून २०२० मध्ये उतरवला. सॅव्हानातही त्याच्या नावाचा चौक होता. २०२२ मध्ये ते नाव काढले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौकाला सूझी किंग टेलर यांचे नाव दिले. पुस्तके कागदात लपवून नेणाऱ्या मुलीचे नाव!

त्यानंतर महिन्याभरात, सप्टेंबर २०२३ मध्ये, सापेलो ज्या काउंटीत येते तिने तिथल्या हॉग हॅमक या शेवटच्या वस्तीत पूर्वीच्या दुपटीहून मोठी घरे बांधायला परवानगी दिली. मोठी घरे म्हणजे धनिकांचे बंगले, मग वाढता कर, मग जमिनीची विक्री, हे बिलालीच्या मातीतले लोक जाणून होते. त्यांनी मतदान घेण्यासाठी सह्या गोळा केल्या. काउंटी कोर्टात गेली आणि मतदान थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा प्रश्न मतांना टाकण्याचा लोकांना हक्क आहे.